नऊ ते पंधरा ऑगस्ट

मैझुरूला मी गेले तो दिवस पंधरा ऑगस्ट निघाला, मुद्दाम ठरवलं नव्हतं. ओबोनच्या सुट्ट्या होत्या, ट्रेनिंग सेंटर बंद, सगळं जपान आपापल्या गावी निघालेलं, म्हटलं आपणही कुठेतरी जाऊ, आणि क्योतोहून ट्रेनने दोनेक तासांवर हे समुद्रकाठचं गाव आहे एवढंच माहीत होतं. भूक लागली म्हणून स्टेशनजवळच्या एका छोट्या खानावळीत शिरले. टीव्हीवर कोशिएन चालू होतं, म्हणजे शाळेतल्या मुलांची बेसबॉल स्पर्धा, ऑगस्टमधे तिकडे घराघरात हीच लागलेली असते. बरोबर बारा वाजता मॅच थांबली. पोरं टोप्या काढून मैदानात जागच्या जागी उभी राहिली आणि सायरन वाजायला लागला, एकच लांब सूर. खानावळीतल्या काकूंनी हातातला डाव भांड्यात ठेवला, ओले हात एप्रनला पुसले आणि मान खाली घातली. मीही चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

आणि नेमका तेव्हाच माझा फोन थरथरायला लागला. तिथले बारा म्हणजे आपले साडेआठ. पुण्यात आमच्या सोसायटीत झेंडावंदन नुकतंच झालेलं, ग्रुपवर फोटो, पांढऱ्या झब्ब्यातली मंडळी, ओल्या पार्किंगमधे काढलेली रांगोळी, कुणाचं तरी पोरगं लाडू खाताना. मी फोन पालथा ठेवला. त्या एका मिनिटात मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही, पण तेव्हापासून हा आठवडा, नऊ ते पंधरा ऑगस्ट, माझ्यासाठी वेगळा झाला तो कायमचा.

तसं ह्या दोन तारखांमधलं नातं मला माहीत होतं. माउंटबॅटनने आपल्या स्वातंत्र्याला १५ ऑगस्ट हा दिवस निवडला त्याचं कारण त्याने स्वतःच सांगितलेलं आहे, जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती, आणि तो तेव्हा आग्नेय आशियातल्या दोस्त सैन्याचा सुप्रीम कमांडर होता, त्यामुळे ती तारीख त्याच्या डोक्यात पक्की होती. कोरियातही १५ ऑगस्टला सुट्टी असते, त्यांचा मुक्ती दिन. म्हणजे एका सम्राटाने एका दुपारी रेडिओवर केलेल्या भाषणातून तीन देशांचे तीन वेगळे दिवस निघाले. आणि नऊ ऑगस्ट हा तर मराठी माणसाला क्रांती दिन म्हणूनच माहीत, गवालिया टँक, चले जाव, शाळेत पाठ करून म्हटलेली भाषणं. ह्या दोन तारखांच्या मधे १९४५ साली काय झालं हे मात्र मला वयाच्या तिशीपर्यंत धड माहीत नव्हतं. सहा तारखेला हिरोशिमा, नऊला नागासाकी, पंधराला शरणागती, एवढं पुस्तकात होतं आणि मधे जणू काही घडलंच नाही.

मला ते कळलं शब्दांमुळे. जापनीज शिकताना एन-टू ह्या भाषापरीक्षेच्या तयारीत एकदा 'हिकिआगे' हा शब्द आला, अक्षरशः अर्थ 'ओढून वर घेणं', पण तो वापरतात युद्धानंतर परदेशातून मायदेशी परतलेल्या लोकांबद्दल. आमच्या सेन्सेईंनी फळ्यावर त्याच्या शेजारी आणखी एक शब्द लिहिला, 'योकुर्यू', अडकवून ठेवणं, आणि म्हणाल्या ह्या दोन शब्दांच्या मधे किमान सहा लाख माणसं आहेत, वेळ मिळाला की वाचा. वेळ मिळाला तो मैझुरूत. ह्या गावातच ती माणसं उतरली. १९४५ ते १९५८ ह्या तेरा वर्षांत इथल्या धक्क्यावर ६ लाख ६० हजारांच्या आसपास माणसं उतरली, आणि १६,००० जणांच्या अस्थी. टेकडीवर म्युझियम आहे, खाली खाडीच्या काठाला धक्का. आधी म्युझियमकडे गेले.

पण ती माणसं तिकडे अडकली कशी हे सांगायचं तर नऊ तारखेच्या रात्रीपाशीच जावं लागतं.

फेब्रुवारी १९४५मधे याल्टाला स्टालिनने रुझवेल्ट आणि चर्चिलला शब्द दिला होता की जर्मनी पडल्यावर दोन-तीन महिन्यांत आपण जपानविरुद्ध उतरू, त्या बदल्यात दक्षिण साखालिन, कुरील बेटं, पोर्ट आर्थरचा ताबा वगैरे. जपानला ह्यातलं काही माहीत नव्हतं. उलट त्यांचा रशियाशी १९४१ सालचा तटस्थतेचा करार होता, रशियाने एप्रिलमधे तो पुढे चालवणार नाही असं कळवलं होतं तरी मुदत १९४६पर्यंत होती, आणि जपानी सरकार त्या उन्हाळ्यात चक्क रशियालाच मध्यस्थी करायला विनवत होतं. माजी पंतप्रधान प्रिन्स कोनोएला मॉस्कोला पाठवू द्या म्हणून तारांवर तारा चालल्या होत्या. मॉस्कोतले राजदूत सातो नाओताके टोकियोला परत परत कळवत होते की ह्यातून काही निघणार नाही, स्पष्ट बोला, वेळ संपतोय. ८ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोतोवने त्यांना बोलावलं. इतके दिवस ज्या उत्तराची वाट बघत होते ते आता मिळणार ह्या आशेने तो माणूस गेला असणार, आणि समोर युद्धाची घोषणा वाचून दाखवली गेली. उद्यापासून. मॉस्कोत संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे टोकियोच्या घड्याळात रात्रीचे अकरा. 'उद्या' एका तासावर होता. जर्मनीच्या शरणागतीला बरोब्बर तीन महिने झाले होते, स्टालिनने शब्द दिवसासकट पाळला.

मध्यरात्र उलटली आणि १५ लाखांहून जास्त सैनिक मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, तीन बाजूंनी आत शिरले. ५,५००च्या आसपास रणगाडे आणि स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफा होत्या. सगळ्यांच्या वर मार्शल वासिलेव्स्की, पश्चिमेला मंगोलियाकडून मालिनोव्स्की, पूर्वेला व्लादिवोस्तोककडून मेरेत्स्कोव्ह, उत्तरेला आमूर नदीवर पुर्कायेव. ही फौज युरोपातून ट्रेनने आणली होती, सायबेरिया ओलांडून, महिनोन्‌महिने, आणि कुठलं सैन्य कुठे लावायचं हेही अगदी हिशोबाने, म्हणजे जर्मनीतल्या केनिग्सबर्गचे किल्ले फोडलेले लोक पूर्वेच्या सिमेंटच्या तटबंदीसमोर, आणि डोंगरात लढलेले लोक पश्चिमेच्या खिंगान पर्वतासमोर. पूर्वेला त्या रात्री धो धो पाऊस पडत होता, विजा कडाडत होत्या, त्या पावसातच तोफांचा मारा न करता सैनिक पुढे सरकले आणि पुष्कळ चौक्यांवरच्या जपानी लोकांना पायाखालची जमीन गेल्यावरच कळलं.

खिंगानकडून रणगाडे येतील असं जपान्यांना वाटलंच नव्हतं. आधी वाळवंट, मग पर्वत, मग दलदल. क्रावचेन्कोची सहावी गार्ड्स टँक आर्मी तो पर्वत तीन-चार दिवसांत उतरून आली. इंधन संपलं तर विमानांनी डिझेल आणून दिलं. आणि पुढे मैदानात पावसाने इतका चिखल झाला होता की रणगाडे शेवटी रेल्वेच्या रुळांवर चढवले आणि स्लीपर्सवरून खडखडत मैलोन्‌मैल मुकदेन शहराच्या दिशेने नेले. मला हे वाचताना नेहमी तो आवाज ऐकू येतो, लाकडी स्लीपर्सवर लोखंडी पट्टे, शेकडो गाड्या, एकामागे एक. कारण त्याच रेल्वेने त्याच दिवसांत दुसऱ्या बाजूला माणसं पळत होती.

आता समोर कोण होतं तेही बघायला हवं, नाहीतर सगळं दुःख एकाच बाजूचं वाटेल आणि ते खोटं होईल. मांचुरिया जपानचा नव्हताच. १८ सप्टेंबर १९३१ला क्वांटुंग आर्मीच्या, म्हणजे तिथल्या जपानी फौजेच्या, अधिकाऱ्यांनी मुकदेनजवळ आपल्याच रेल्वेलाइनवर स्फोट घडवला, आळ चिनी लोकांवर घातला आणि अख्खा प्रांत गिळला. १९३२मधे मांचुकुओ नावाचं राज्य उभं केलं, चीनचा शेवटचा सम्राट पुयी त्यावर बसवला, नावाला. हार्बिनजवळ पिंगफांगला युनिट ७३१ होतं, जिथे जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग झाले, ऑगस्टच्या त्या आठवड्यात त्यांनी उरलेल्या कैद्यांना मारून टाकलं, इमारती उडवल्या आणि ट्रेनने निघून गेले. प्रमुख इशी शिरोला अमेरिकेने माहितीच्या बदल्यात सोडून दिलं. चिनी माणसासाठी ते १४ वर्षांचं राज्य होतं आणि ते संपलं, तर त्या लोकांना त्या ऑगस्टमधे काय वाटलं असेल हे आपल्याला समजायला काहीच हरकत नाही, आपणही त्याच ऑगस्टमधे परक्या राज्यात होतो.

कागदावर क्वांटुंग आर्मी तेव्हाही मोठी, सात लाखांच्या आसपास. पण कसलेल्या तुकड्या केव्हाच पॅसिफिकच्या बेटांवर मरायला पाठवल्या होत्या, उरली होती घाईत भरती केलेली माणसं. आणि इथे मला राग येतो. जुलैमधे त्यांनी मांचुरियातल्या जपानी वसाहतींमधून उभा राहू शकेल असा प्रत्येक पुरुष सैन्यात ओढला. जपानीत त्याला शब्दच आहे, 'नेकोसोगी', मुळासकट उपटून नेणं. मागे वसाहतींत राहिल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. आणि नऊ तारखेनंतर क्वांटुंग आर्मीचं मुख्यालय मांचुकुओची राजधानी सोडून दक्षिणेला तुंगह्वाला हललं, आणि त्या राजधानीतून, शिनक्योमधून, म्हणजे आजच्या छांगछुनमधून, पहिल्या ज्या ट्रेन सुटल्या त्यात लष्करातल्या लोकांची आणि रेल्वे कंपनीतल्या लोकांची कुटुंबं होती. बॉर्डरजवळच्या वसाहतींना कुणी धड कळवलंही नाही.

ह्या वसाहतींतल्या लोकांना 'काइताकुदान' म्हणतात. 'काइताकु' म्हणजे पडीक जमीन फोडून लागवडीखाली आणणं. शब्द किती स्वच्छ वाटतो बघा. प्रत्यक्षात बरीचशी जमीन आधीच कसलेली होती, चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांकडून मातीमोल भावाने, धाक दाखवून घेतलेली, आणि ते शेतकरी मग आपल्याच शेतात मजूर झाले. भाषांतराचं काम करते म्हणून असेल, पण असे धुतलेले शब्द मला फार टोचतात. तरी ह्या जमिनीवर जी जपानी माणसं आली ती कोण होती? सगळ्यात जास्त नागानो जिल्ह्यातली, डोंगरातली, रेशमाचे भाव कोसळल्यावर कर्जात बुडालेली, दोन-अडीच एकरांचे शेतकरी. सरकारने १९३६मधे योजना काढली, वीस वर्षांत दहा लाख कुटुंबं तिकडे न्यायची, मोठमोठी पोस्टरं लावली, गावागावाला कोटा दिला. एकट्या नागानोतून ३०,०००हून जास्त माणसं गेली. सरकारने गरिबांच्या हातात दुसऱ्या गरिबांची जमीन दिली, आणि मग दोघांनाही वाऱ्यावर सोडलं.

नऊ तारखेनंतर ही बायकामुलं चालत निघाली. पावसात, चिखलात, मक्याच्या आणि ज्वारीच्या शेतांमधून, तिकडची ज्वारी म्हणजे काओल्यांग, पुरुषभर उंच, दिवसा त्यात लपायचं आणि रात्री चालायचं. १४ ऑगस्टला गेगेनम्याओ नावाच्या लामा मठाजवळ अशा एका मोठ्या जथ्याला सोव्हिएत रणगाड्यांनी गाठलं. हजाराहून जास्त माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं, काही गोळ्यांनी, काही रणगाड्यांखाली, आणि काहींनी एकमेकींना आणि आपल्या मुलांना स्वतः मारलं, कारण पकडले गेलो तर काय होईल ह्याची भीती वर्षानुवर्षं मनात भरवलेली होती. ही १४ तारीख आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी सम्राटाचं भाषण होतं.

ज्यांना सम्राटाचं भाषण ऐकायला रेडिओ नव्हता त्यांचं युद्ध पंधराला संपलं नाही. पूर्वेला हुतोऊच्या किल्ल्यात भुयारांत अडकलेले लोक २६ तारखेपर्यंत लढत होते, त्यांच्यासोबत आत आसऱ्याला आलेली कुटुंबंही होती. वसाहतींवर काही ठिकाणी आजूबाजूच्या गावांनी हल्ले केले, इतक्या वर्षांचा राग होता. सोव्हिएत सैनिकांनी शहराशहरांतून लूट केली, बायकांवर अत्याचार केले, पुष्कळ मुलींनी केस कापून, चेहऱ्याला काजळी फासून मुलगे बनून दिवस काढले, आणि ह्यात जपानीच नाही तर चिनी आणि कोरियन बायकाही होत्या. कारखान्यांतली यंत्रं उखडून ट्रेनमधे भरून नेली ती वेगळीच. मग आला हिवाळा. निर्वासितांच्या छावण्यांत, शाळांच्या इमारतींत, टायफस आणि उपासमार. २ लाख ७० हजारांच्या आसपास काइताकुदानची माणसं होती, त्यातली ७०,०००हून जास्त परत आली नाहीत. हुलुदाओ बंदरातून जहाजं सुटायला १९४६चा मे उजाडला, आणि मग मात्र तिथून दहा लाखांवर माणसं जपानला पोचली.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मी दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगते. पळताना काही आयांनी आपली मुलं चिनी शेतकऱ्यांकडे दिली. कुठे दोन शेर ज्वारीच्या बदल्यात, कुठे नुसतंच हातात सोपवून, कारण सोबत नेलं तर मूल मरणार हे दिसत होतं. आणि त्या चिनी कुटुंबांनी ती सांभाळली. ज्यांच्या जमिनी ह्या लोकांनी घेतल्या होत्या त्यांनीच, शत्रूचं मूल म्हणून लोक बोट दाखवायचे तरी. जपानशी चीनचे संबंध सुरू झाल्यावर १९८१पासून ही 'झान्‌र्यू कोजी', मागे राहिलेली अनाथ मुलं, आईवडील शोधायला जपानला यायला लागली. मुलं म्हणजे तोवर चाळिशीची माणसं. टीव्हीवर एकेकाचा चेहरा दाखवायचे, अंगावरचा व्रण, सोबत उरलेला एखादा कपड्याचा तुकडा. जपानी बोलता येत नव्हतं. २,८००च्या आसपास लोकांना अनाथ म्हणून मान्यता मिळाली, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना आपलं खरं नाव कधीच कळलं नाही. हार्बिनच्या पूर्वेला फांगझेंगला तिथे मेलेल्या जपानी लोकांची एक समाधी आहे, १९६३ साली चिनी सरकारनेच बांधलेली, आणि त्याच आवारात ह्या चिनी पालक आईबापांचंही स्मारक आहे.

कोरियाचं वेगळंच झालं. सोव्हिएत सैन्य ईशान्येच्या बंदरांतून उतरत होतं, उंगी, नाजिन, मग छोंगजिन, आणि अमेरिकेचे सगळ्यात जवळचे सैनिक ओकिनावात. सगळा कोरिया रशियाच्या हातात जाईल ही वॉशिंग्टनला भीती. तेव्हा १० ऑगस्टच्या रात्री उशिरा डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील ह्या दोन तरुण कर्नल लोकांना सांगण्यात आलं की रेषा सुचवा, अर्धा तास आहे. समोर नॅशनल जिओग्राफिकचा एक मॅप. त्यांनी अडतिसावं अक्षवृत्त दाखवलं, सोल अमेरिकेच्या बाजूला पडतं म्हणून. रशियाने मुकाट मान्य केलं. अर्ध्या तासात, एकाही कोरियन माणसाला न विचारता. आपण रॅडक्लिफच्या रेषेची मुलं आहोत, आपल्याला हे ऐकून कुठे दुखतं ते वेगळं सांगायला नको.

आणि त्या रेषेवर पुढे एक कोल्हापूरकडचा माणूस उभा राहिला. १९५० ते ५३चं युद्ध होऊन गेल्यावर हजारो कैदी असे होते ज्यांना आपापल्या देशात परत जायचं नव्हतं, त्यांना सांभाळायला भारताने कस्टोडियन फोर्स पाठवली, तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. ह्या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. दक्षिण कोरियाच्या सिंगमन रीने भारतीय सैनिकांचा पाय आपल्या भूमीवर पडू द्यायला नकार दिला, म्हणून आपले जवान इंचॉनला जहाजातून थेट हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात नेले. तिथे त्यांनी तंबू ठोकले आणि छावणीला नाव दिलं हिंद नगर. बावीस हजारांवर कैदी, आपसात मारामाऱ्या, धमक्या, आणि थोरातांची माणसं तो हिवाळा धीराने निभावून आली. ८८ कैद्यांनी दोन्हीकडे जायला नकार दिला, ते आपल्या जवानांबरोबर जहाजाने भारतात आले. ऑगस्टच्या एका रात्री अर्ध्या तासात ओढलेली रेषा, आणि नऊ वर्षांनी तिच्यामुळे घर नसलेली माणसं मद्रासच्या बंदरात उतरतात.

आपलं आणखी एक माणूस त्या दिवसांत मांचुरियाच्याच वाटेवर होतं. १८ ऑगस्टला तैहोकूला, आजच्या तैपेईला, जे विमान कोसळलं ते दायरेनला निघालं होतं. त्यात लेफ्टनंट जनरल शिदेई होते, क्वांटुंग आर्मीत रुजू व्हायला चाललेले, आणि नेताजींना त्यांच्यासोबत जागा मिळाली ती ह्यासाठी की मांचुरियात पोचून पुढे रशियाशी संपर्क साधता येईल. त्या अपघातावरून आपल्याकडे तीन-तीन चौकश्या झाल्या, त्यात मी शिरत नाही. मला फक्त तो मॅप दिसतो. ज्या मांचुरियाकडे ते निघाले होते तिथे त्याच दोन दिवसांत हार्बिन, छांगछुन, मुकदेनला सोव्हिएत विमानं उतरत होती, आणि १९ तारखेला मुकदेनच्या विमानतळावर जपानला पळायच्या तयारीत असलेला पुयी त्यांच्या हाती सापडला.

इतिहासकारांचा एक वाद चालूच असतो, जपान अणुबॉम्बने शरण आला की रशियाने. सम्राटाच्या पंधरा तारखेच्या भाषणात एका नव्या, क्रूर बॉम्बचा उल्लेख आहे, रशियाचा नाही. दोनच दिवसांनी सैनिकांना उद्देशून काढलेल्या फर्मानात रशियाचा उल्लेख आहे, बॉम्बचा नाही. दोन्ही कागद एकाच माणसाच्या नावाचे. मला वाटतं ज्याला ज्या कारणाने पटेल ते कारण त्याला सांगितलं गेलं.

आणि मग ती सहा लाख माणसं. दोस्त राष्ट्रांच्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलं होतं की शस्त्रं खाली ठेवलेल्या जपानी सैनिकांना घरी जाऊ देणार. स्टालिनने होक्काइदोचा उत्तरेचा अर्धा भाग मागितला, ट्रुमनने नकार दिला, आणि २३ ऑगस्टला स्टालिनने हुकूम काढला की पाच लाख धडधाकट कैदी कामाला सायबेरियात न्या. प्रत्यक्षात सहा लाखांच्या आसपास गेले. त्यांना मालगाड्यांत भरताना रशियन सैनिक एकच शब्द सांगायचे, 'दामोय', घरी. तोक्यो दामोय. हा शब्द त्या पिढीच्या प्रत्येक माणसाला पाठ होता. गाडीत चढले, दारं बंद झाली, फटीतून सूर्य बघून कुणाच्यातरी लक्षात यायचं की आपण उलट्या दिशेने चाललोय, मग शांतता. किती तरी दिवसांनी बाहेर अथांग पाणी दिसलं, दुसरा काठच नाही, आणि डब्यात ओरडा झाला, समुद्र! जपानचा समुद्र! गाडी थांबली तेव्हा लोक काठावर पळत गेले, ओंजळीने पाणी प्यायले. गोडं होतं. बैकाल सरोवर होतं ते.

म्युझियममधे एक छावणीची खोली केली आहे, लाकडी फळ्यांच्या दोन मजली बाकड्यांची, अंधारी. तिथल्या एका आजोबांनी, सांगणारे स्वयंसेवक असतात तिथे, मला काळ्या पावाची गोष्ट सांगितली. एक लादी अनेकांत वाटायची, कापणाऱ्याच्या सुरीवर सगळ्यांचे डोळे, काठीचा आणि दोऱ्याचा तराजू करायचे, एका बाजूला चुरा जास्त पडला तर चिमटीने उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायचे. उणे तीस डिग्रीत झाडं तोडायची, रुळ टाकायचे. पहिल्या हिवाळ्यातच सगळ्यात जास्त माणसं गेली. एकूण ६०,०००च्या आसपास. शेवटचे काही लोक १९५६ साली सुटले, रशिया-जपानचा संयुक्त जाहीरनामा झाल्यावर. शांतता तह मात्र दोन देशांत आजही झालेला नाही, कुरीलच्या चार बेटांवर अडलाय.

काचेच्या एका पेटीपुढे मी बराच वेळ उभी होते. बर्च झाडाच्या सालीचे तुकडे, कडा वळलेल्या, एका टोकाला दोऱ्याने बांधलेले. कागद मिळायचा नाही म्हणून एका कैद्याने ह्या सालींवर वाका लिहिल्या, पाच ओळींच्या कविता, दोनशेच्या आसपास. टाक म्हणून रिकाम्या डब्याच्या पत्र्याचं टोक, शाई म्हणून धुराड्यातली काजळी पाण्यात कालवलेली. अक्षर इतकं बारीक आणि इतकं सरळ की विश्वास बसत नाही. घर, कष्ट, गावाकडची आठवण, हेच विषय. लिहिलेला कागद सापडला तर जप्त व्हायचा, तो माणूस हे सगळं लपवून घेऊन आला. मी एन-वन झालेली, रोज आठ तास जापनीज वाचणारी, तरी मला त्यातल्या थोड्याच ओळी लागल्या, अक्षर पुसट झालंय आणि माझे डोळेही भरले होते. आजोबा शेजारी आले आणि एक कविता हळू आवाजात वाचून दाखवली. मी त्यांना अर्थ विचारला नाही.

खाली उतरून धक्क्यावर गेले. खरा धक्का आता नाही, १९९४ साली तसाच नवा बांधलाय, छोटासा, लाकडी, पाण्यात थोडासा आत गेलेला. इथे बायका येऊन उभ्या राहायच्या, प्रत्येक जहाजाला, वर्षानुवर्षं, हातात नाव लिहिलेली पाटी घेऊन. दुपारचे चार वाजले होते, ऊन उतरलं नव्हतं, सेमी किड्यांचा कलकलाट चालू होता. मैझुरूच्या खाडीचं तोंड इतकं अरुंद आहे की मोकळा समुद्र दिसतच नाही, चहूबाजूंनी हिरवे डोंगर आणि पाण्यावर एक लाट नाही. बैकालला समुद्र समजून पाणी प्यायलेली माणसं इथे खऱ्या समुद्रावर येऊन उतरली, आणि हा अगदी तळ्यासारखा दिसतो.

मी वाकून हात बुडवला आणि जिभेला लावून बघितला. खारट होतं.